शालीकरामचा चिंध्यांचा डबा

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला नवल वाटायला नको. दूधवाल्याचं माप उलटं करून पाहणारी, पोरीच्या वहीची मागची पानं आधी उघडणारी, पाहुणा निघाला की चमचे मोजणारी. माझे मालक इंदरलाल रेल्वेत होते. ते म्हणायचे, दुलारी, तू पोलिसात जायची होतीस, चुकून अंगणवाडीत गेलीस. ते अठ्ठ्याण्णव साली वारले. त्यानंतर घरात मी आणि माझी मुलगी भूमेश्वरी, आणि संशय करायला सगळी गल्ली.

गोंदियाच्या जुन्या वस्तीतली आमची गल्ली संशयाला सोयीची होती. समोरासमोरची घरं इतकी जवळ की वाळत घालायच्या दोऱ्या या गॅलरीतून त्या गॅलरीत बांधलेल्या. एकाचं धोतर दुसऱ्याच्या डोक्यावर गळायचं. राइस मिलची काळी राख पांढऱ्या कपड्यांवर बसायची आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं, जणू मिल शेजारणीनेच चालू केली होती. मला मात्र त्या दोऱ्यांवर सगळं वाचता यायचं. लंगोट दिसले की बाळंतपण झालं. नवऱ्याचा कामावरचा शर्ट आठवडाभर दोरीवर आला नाही की नोकरी गेली. बायका सकाळी अकरापर्यंत गाऊनवर असायच्या, आणि भाजीवाला आला की त्याच गाऊनवर खांद्यावरून टॉवेल टाकून बाहेर यायच्या. टॉवेल टाकला की बाई पूर्ण कपड्यांत आहे, असं सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

नव्व्याण्णव साली माझ्या समोरच्या घरातली पुढची खोली शालीकराम नावाच्या माणसाने भाड्याने घेतली. कुठल्याशा खेड्यातून आला होता, सोबत बायको कुंदाबाई. खोलीवर पाटी लागली, ‘यहाँ साड़ी फाल पिको किया जाता है’. साडीच्या खालच्या काठाला आतून फॉलची पट्टी लावायची आणि टोकं मशीनवर पिको करून घ्यायची, एवढंच काम. पण गोंदियात लग्नं काही कमी नाहीत, आणि आमच्या पोवारांच्या लग्नात तर साड्यांचे ढीग. त्याच्याकडे काम यायला लागलं.

माणूस मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. एक तर तो कायम पांढऱ्या कपड्यांत असे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, हिवाळ्यात पांढरी शाल. रंगीत चिंध्यांत बसणारा माणूस स्वतः रंगाचा एक धागा अंगावर का घेत नाही, हे मला खटकायचं. दुसरं म्हणजे तो बायकोला राबवायचा. कुंदाबाई दिवसभर मशीनच्या उजव्या अंगाला पाटावर बसलेली. मागे फळीवर दोऱ्यांच्या रिळांची रांग. ती साडी पाहायची, उठून रीळ काढायची, त्याच्या हातात द्यायची. हा राजासारखा हात पुढे करून बसलेला. मी नंदाबाईला म्हटलंदेखील, की याला हात लांब करून रीळ घ्यायलाही बायको लागते. नंदाबाई माझ्या शेजारी राहायची, दिवसभर बिड्या वळायची. तिचे हात कामात असल्यामुळे कान आणि तोंड मोकळे होते.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात कुंदाबाई काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. महिनाभर पाटीखालचं दार बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा शालीकराम बदललेला होता, आणि माझे डोळे अर्थातच तिकडे लागले.

आता तो साडी हातात घेऊन प्रत्येक बाईला विचारायचा, “या रंगाले तुम्ही काय म्हनता, बाई?” बायका आधी हसल्या. मग त्यांना ते विचित्र वाटू लागलं. बायकांना त्यांच्या साडीच्या रंगाबद्दल विचारत बसतो, तोही बायको जाऊन दोन महिने झालेले असताना. कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणे नियत बरी नाही. मी खिडकीत बसून पाहत होते.

आणि मला डबा दिसला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. साडी ठेवून बाई गेली की हा आतल्या टोकाची बोटभर चिंधी कापायचा, कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहायचा, चिंधी त्यात गुंडाळायचा आणि डब्यात टाकून झाकण दाबायचा. एकदा दोनदा नाही, प्रत्येक साडीला. दुपारी मी काहीतरी निमित्त काढून गेले. तो आत पाणी प्यायला गेला तशी मी एक पुडी उघडली. आत हिरवी चिंधी होती आणि कागदावर नाव होतं, ‘नीतू’. नीतू म्हणजे नंदाबाईची सून. खाली आणखी एक शब्द होता, पण पावलं वाजली म्हणून मी पुडी परत टाकली.

इतर ठिकाणच्या वाचकांना कदाचित हे एवढं काही वाटणार नाही. आमच्याकडे बाईच्या वापरातल्या कपड्याचा तुकडा कोणी कापून नेला तर त्या घरात दोन दिवस स्वयंपाक धड होत नाही. दोरीवरच्या लुगड्याचा कोपरा कातरलेला दिसला की सासू आधी लेकराचं कपाळ चाचपते. करणी करायला माणसाचं नाव आणि अंगावरचं कापड, एवढंच लागतं असं म्हणतात. मी शिकलेली बाई, अंगणवाडीत पोरांना भुतं नसतात म्हणून सांगणारी. तरी त्या दिवशी दोरीवरच्या आमच्या साड्या मी ऊन असतानाच आत घेतल्या.

भूमेश्वरीचं लग्न त्याच वर्षी ठरलं होतं, आमगावच्या चांगल्या घरी. दिवाळीनंतरची तारीख. तिचा लाल शालू फॉल-पिकोला कोणाकडे द्यायचा, यावर मी चार दिवस विचार केला, आणि शेवटी शालीकरामकडेच दिला. खरं सांगायचं तर मला त्याला पकडायचं होतं. शालू आला. घरी आणून उलटा केला, तर लाल रेशमावर सगळीकडे हिरवा दोरा. फॉलची शिलाई हिरवी, टोकाची पिको हिरवी. नवरीच्या लाल शालूत आतून हिरवा दोरा कोण चुकून घालेल? त्याच आठवड्यात आमगावहून निरोप आला की मुलाची आजी वारली, तारीख पुढे ढकलू. आणि नीतूचा ताप पंधरा दिवस उतरत नव्हता.

मी शालू काखेत मारला आणि नंदाबाईच्या दारात गेले. तिला डब्याचं सांगितलं. नंदाबाईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं.

रविवारी भर दुपारी दहा-बारा बायका त्याच्या दारासमोर जमल्या. कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणारे म्हातारे भैयाजी हातातली इस्त्री ठेवून आले, कारण गल्लीत काही झालं की शेवटचा शब्द त्यांचा असे. डबा मीच आत जाऊन उचलून आणला. शालीकराम उठला नाही, अडवलंही नाही. नंदाबाईने झाकण उघडून सगळा डबा ओट्यावर पालथा केला आणि एकेक पुडी फाडून नावं वाचायला सुरुवात केली. नंदाबाई, नीतू, शामकला, दुलारी. कागद एकीकडे पडले, चिंध्या एकीकडे. भैयाजींनी विचारलं, हे कशाला ठेवलंस? तो म्हणाला, कामासाठी. कसलं काम? तो गप्प. शालूतला हिरवा दोरा त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने तो बोटांनी चाचपला आणि तरीही गप्प.

मग भैयाजींनी निकाल दिला. याने प्रत्येकीची चिंधी तिच्या हातात परत द्यावी, प्रत्येकीने आपापल्या चुलीत जाळावी आणि याने संध्याकाळच्या आत खोली सोडावी. चिंधी जिची तिलाच मिळाली पाहिजे. एकीची दुसरीच्या चुलीत गेली तर तिचं ते हिच्या घरात शिरेल, असं बायकांचं म्हणणं पडलं, आणि त्या जरा मागे सरकल्या.

शालीकराम ओट्यावर मांडी घालून बसला. एकेक चिंधी उचलायचा, अंगठ्याने चोळायचा आणि नाव घ्यायचा. सुती नंदाबाईची, बरोबर. रेशमी माझी, बरोबर. जॉर्जेट शामकलाची, तेही बरोबर. शेवटी चार उरल्या. गठ्ठा पाठीवर घेऊन येणाऱ्या फेरीवाल्याकडून चार बायकांनी एकाच वेळी एकाच छापाच्या साड्या घेतल्या होत्या. कापड तेच, फुलं तीच, रंग तेवढे वेगळे. लाल, हिरवी, चॉकलेटी आणि डाळिंबी. त्या चौघी हात पुढे करून उभ्या, त्यात तापातून उठून आलेली नीतूही. याने एक चिंधी उचलली, ठेवली. दुसरी उचलली. पुन्हा पहिली. त्याच्या कपाळावरून घाम गळून सदऱ्यावर पडत होता. मी खाली वाकले आणि विचारलं, “काऊन जी, नीतूची हिरवी कोनती हे वळखू येत नाई का?”

त्याने मान वर केली नाही. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही लेकराइले रंग शिकवता. मले लाल-हिरवा एकच दिसते, लहानपनापासून. कुंदा सांगे मले.”

मला आधी रागच आला. चार वर्षं हा माणूस आम्हाला फसवत होता आणि मला, मला, कळलं नव्हतं! मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. पांढरे कपडे, म्हणजे जुळवायची भानगड नको. मशीनच्या उजव्या अंगाला बसलेली कुंदाबाई. ‘या रंगाले काय म्हनता, बाई?’ कागदावरचा तो दुसरा शब्द, जो मी वाचला नव्हता, तो ‘हिरवा’ असणार. तिने लावून दिलेली रिळांची रांग दिवाळीच्या चुन्याला खाली काढली असेल आणि परत लावताना लालच्या जागी हिरवं बसलं असेल. माझ्या पोरीच्या शालूत करणी नव्हती, एका मेलेल्या बाईची रिकामी जागा होती.

आणि हेही कळलं की तो गप्प का आहे. करणीवाला म्हणून हाकलला तर दुसऱ्या मोहल्ल्यात पाटी लावता येईल. रंग न दिसणारा फॉल-पिकोवाला म्हणून एकदा नाव झालं तर अख्ख्या गोंदियात कोणी त्याच्या हातात साडी देणार नाही. मी तरी दिली असती का? नसती दिली.

बायका कुजबुजायला लागल्या होत्या. मला फार वेळ नव्हता. मी त्याच्या हातातल्या चिंध्या ओढून घेतल्या आणि जितक्या रागाने बोलता येईल तितक्या रागाने एकेक वर धरली. ही हिरवी, नीतू, घे. ही चॉकलेटी तुझी. ही डाळिंबी, ही लाल. चौघींच्या हातात चार कोंबल्या. मग भैयाजींकडे वळून सांगितलं की मी आत्ता त्याला नीट विचारून घेतलंय. चिंधी नेल्याशिवाय मॅचिंगच्या दुकानात बरोबर फॉल मिळत नाही, आणि नाव नसलं तर साड्यांची अदलाबदल होते. यात काही वावगं नाही.

“अन् हिरवा दोरा?” नंदाबाईने विचारलं.

“तो मीच सांगतला होता,” मी म्हटलं. “आमच्यात शुभ मानतेत. मी इसरली.”

जन्मात इतकं वाईट खोटं मी बोलले नव्हते. गल्लीत उलट्या कपड्याची टिंगल करणारी, कोणाचं काही न विसरणारी दुलारी म्हणतेय की विसरले. भैयाजी इस्त्री गार होते म्हणून निघून गेले. बायका पांगल्या. नंदाबाई शेवटी गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी आयुष्यभर लोकांकडे पाहत आले होते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी शालू घेऊन गेले आणि कुंदाबाईच्या पाटावर बसले. फॉलची शिलाई उसवून लाल दोऱ्याने पुन्हा घातली. पिकोची गाठ मात्र घट्ट होती. ब्लेडने काढता काढता रेशीम सुटायला लागलं, तेव्हा आतल्या टोकाची वीतभर तशीच राहू दे म्हटलं, पहिला वेढा खोचला की कोणाला दिसणार नाही. मग फळीवरची रिळं उतरवून मी रांगेत लावली. तो म्हणाला, पिवळा अन् निळा समजते मले, बाकीचाच घोळ हाय. मी सांगितलं की उद्यापासून दुपारी एक तास येईन, नवीन साड्या काढून ठेवत जा, चिंध्या कापायच्या नाहीत. त्याने मान हलवली. आभार वगैरे मानले नाहीत, ते बरं केलं.

तो एक तास नऊ वर्षं चालला. लग्नसराईत दोन तास. मी साडी पाहायची, रीळ काढायची, त्याच्या पुढे केलेल्या हातात द्यायची. नव्या तऱ्हेच्या साड्या आल्या, पोरी जीन्सवर फिरायला लागल्या, गाऊनवरचा टॉवेल जाऊन ओढणी आली. आमच्यात बोलणं फारसं व्हायचं नाही. पण एक विधवा बाई रोज दुपारी एका विधुराच्या खोलीत जाऊन बसते, हे पाहायला समोर खिडक्या होत्या. आता त्या खिडकीत मी नव्हते, एवढाच फरक. मी गेले की दोऱ्यांवरून कपडे काढायला बायका बाहेर यायच्या, वाळलेले असोत की ओले. भैयाजी माझ्या साड्यांना इस्त्री करायचे पण बोलायचे नाहीत. हळदीकुंकवाला तसंही मला बोलावत नसत, आता बारशालाही बोलवेनासे झाले. मी जाताना नंदाबाई नीतूला मोठ्याने सांगायची, की काही बायकांच्या साड्यांना रोजच फॉल लागते. मला राग यायचा, रडूही यायचं, आणि सर्वात वाईट म्हणजे तिचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

भूमेश्वरीच्या सासरपर्यंत गोष्ट गेली. गोंदियाहून आमगाव किती दूर? दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ती एकटीच आली, पिशवीसुद्धा खाली न ठेवता दारातच विचारलं, “आई, लोक काय बोलून राहिले तुले मालूम हाय ना? कायले जातेस तिथी?”

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य भूमेश्वरीच्या तोंडून सासूला, सासूच्या तोंडून आमगावच्या बाजाराला आणि तिथून गोंदियाला यायला आठ दिवस लागले नसते. मी म्हटलं, रिकामी बसवत नाही म्हणून जाते. ती पाणी प्यायली आणि त्याच दुपारच्या गाडीने परत गेली. नंतर ती सणावारालाच यायची, मुलं बाहेर खेळत ठेवून.

शालीकराम दोन हजार बाराच्या डिसेंबरात गेला, झोपेतच. गावाकडून पुतणे आले, त्यांनी मशीन नेली. तेराव्याला मी ठरवलं की आता लपवून कोणाची चूल वाचायची नाही. नंदाबाईच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या तिथे गेले आणि सगळं सांगितलं. डबा, चार चिंध्या, कुंदाबाई, रिळं. माझं संपल्यावर नंदाबाईने बिडीचं पान खाली ठेवलं.

“मंग नऊ वर्षांत आमच्या एकाबी साडीले चुकीचा दोरा कसा नाई लागला, दुलारी?” ती म्हणाली. “त्याले रंग दिसत नोहते म्हनतेस. अन् आमच्या साड्या तर साऱ्या बराबर हायेत.”

बायका खाली पाहून हसल्या. रिळं मी देत होते, हे मी सांगितलंच होतं. त्या नऊ वर्षांत मी इतकी डोळ्यात तेल घालून रिळं दिली की त्याच्या आंधळेपणाचा एक पुरावा गल्लीत शिल्लक ठेवला नाही. मी उठून घरी आले.

भूमेश्वरी तेव्हा आलेली होती. आमच्या गल्लीकडच्या खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आमगावला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली, पिशवीत शालू घेऊन. पलंगावर पसरला, आतलं टोक शोधून काढलं आणि उलटं केलं. लाल रेशमावर वीतभर हिरवी पिको, जशी होती तशी.

“हे त्याले लाल दिसे?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं, दोनदा, तीनदा, शालीकराम चाचपायचा तसं. मग शालूची घडी न घालताच माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मीही रडले. शेजारच्या गॅलरीत नंदाबाई कपडे काढायला आली होती. मी खिडकी लावून घेतली नाही.